दादाचं कलम

कलम बांधायचं राहू द्या, आधी माझी चूक ऐका. माझा मोठा भाऊ परभणीच्या बागेत कलम शिकला होता. त्यानं कुंडीतलं आंबट रोप आमच्या गोड आंब्याच्या फांदीला बांधलं आणि मला सांगितलं, "जोड धरला की गोड फांदी खालून काप, आंबट शेंडा वरून." पुढं तो तापानं गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिरीमिरीत विळा घेतला आणि गोड फांदी जोडाच्या वरूनच छाटली. गोड शेंडा तुटून पडला, कुंडीत आंबटच राहिलं.

आईनं कुंडीत तांब्याभर पाणी घातलं. म्हणाली, "कोय तर त्यानंच लावलती न्हवं? ऱ्हाऊ दे. लोणच्याला आंबटच लागतंय."