खोडलेली ओळ

दौलतराव : "...सबब एक महिन्याच्या आत घर रिकामं करून ताबा द्यावा, नाहीतर कोर्टामार्फत ताबा घेण्यात येईल." एवढंच आहे या नोटिशीत, गोजराबाई. खाली त्यांच्या वकिलाची सही आहे.

गोजराबाई : घर म्हंजे कोनतं घर?

दौलतराव : किन्हीराजाचं. तुम्ही राहता तेच.

गोजराबाई : अन् धाडली कोनं?

दौलतराव : रामकिसननं. जगदेवनं घर त्याला विकलं आहे. फाल्गुनात खरेदीखत झालं.

रंगूबाई : पाह्य मावशी, मी सांगत नोती? वकीलसायेब, मी रंगू. माहं घर यायच्या भिंतीलेच लागून हाय. थो रामकिसन दोनदा येऊन दोरीनं जागा मोजून गेला. म्या इचारलं तं म्हने, गोदाम बांधाचं हाय, सडकेवरची जागा पाह्यजे.

गोजराबाई : माहा पोरगा जगदेव असा नाई. त्याले कोनं तरी भरवलं असन.

रंगूबाई : भरवाले थो काय दूधपितं लेकरू हाय? जऊळक्याले टेशनापाशी दुकान चालवते.

दौलतराव : विकण्याआधी जगदेव तुम्हाला काही बोलला होता का?

गोजराबाई : इकाचं नाई बोल्ला. दिवाई झाल्यावर आला अन् म्हने, माय, एकटी कायले राह्यतं, जऊळक्याले चाल. म्या गेली. दुकानाच्या मांगच्या खोलीत, तुरीच्या पोत्यायच्या मंधात खाट टाकून देल्ली. सून ताट ठिवे अन् निंगून जाये. बोले नाई. चुकीचं काई बोल्ली असती तं चाललं असतं, पन बोलेच नाई. रेलगाडी आली का भिंत हाले. मले वाटे, रात्री मेली तं यायले सकायी पोते उचलतानी समजन.

रंगूबाई : दोन महिने काढले अन् पायी निंगून आली. या वयात. येऊन पाह्यते तं घराले कुलूप. म्या तोडलं थे, वकीलसायेब. दगडानं. लिहून घ्या, रंगूनं तोडलं.

दौलतराव : मी नाही लिहून घेत. आणि तुम्हीही पुन्हा कोणासमोर सांगू नका.

गोजराबाई : दौलतभाऊ, मले जगदेवशी भांडाचं नाई. येवढंच पाह्यजे का मरेपर्यंत मी माह्या घरात राह्यन. मंग घराचं काई करा म्हना.

दौलतराव : ते आता जगदेवच्याही हातात नाही, गोजराबाई. मालक रामकिसन झाला.

रंगूबाई : पन घर मावशीचं असतानी थ्यानं इकलं कसं? शायेतले गुरुजी सांगत होते, दिल्लीले नवा कायदा झाला म्हने. बाईच्या हातातलं घर, वावर, सारं बाईचंच. कोनी हिसकू शकत नाई.

दौलतराव : गुरुजी खरंच सांगत होते. दोन वर्षं होतील त्या कायद्याला.

रंगूबाई : मंग झालं तं!

दौलतराव : गोजराबाई, तुमचे मालक कधी वारले?

गोजराबाई : पटकी आलती त्या साली. तीस वर्स झाले. पोटी लेकरू नोतं. तवापासून वावर म्या पाह्यलं, घर म्या पाह्यलं. एक साल पडीत नाई ठिवलं.

दौलतराव : तोवर सगळं तुमच्या हातात होतं. पण जगदेवला दत्तक घेतलंत, त्या दिवशी ते त्याचं झालं. कायद्यानं तो तुमच्या मालकांचा मुलगा ठरला. आणि मुलगा आला की विधवेच्या हातातली मिळकत मुलाकडे जाते. तुमच्याकडे उरलं ते अन्नवस्त्र. नवा कायदा आला तेव्हा तुमच्या हातात काहीच नव्हतं.

रंगूबाई : अन् दत्तक घेतलाच नसता तं?

दौलतराव : ते आता कशाला?

रंगूबाई : नाई, सांगा.

दौलतराव : तर या कायद्यानं घर आणि वावर कायमचं यांचं झालं असतं. विकलं असतं, कोणाला दिलं असतं, तरी कोणी विचारलं नसतं.

गोजराबाई : दत्तकाले नऊ वर्स झाले. कायद्याले दोन. म्हंजे सातच वर्स थांबाले पाह्यजे होतं.

दौलतराव : तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

गोजराबाई : बबनराव भाऊजी रोज येऊन बसत. थ्यायचाच तं पोरगा जगदेव, आमच्या मालकाच्या चुलतभावाचा. म्हनत, वयनी, हातपाय थकल्यावर कोन पाह्यन? आजच सोय करून ठिवा. म्या दोन वर्स इचार केला, भाऊ. रागात नाई केलं, घाईत नाई केलं. वाटलं, आपल्या हातात हाय तवाच देऊन टाकाव. मागून देल्लं तं त्याची कदर नसते. आंधी देल्लं तं मानसाले लाज राह्यते.

दौलतराव : चूक नव्हतं ते.

गोजराबाई : मंग दत्तक मोडता येते का?

दौलतराव : नाही. पोटचं पोर जसं परत करता येत नाही, तसंच ते. जन्माचं.

रंगूबाई : तिकडून बरं मोडता येते! माय नको म्हनली का घर इकून टाका.

दौलतराव : रंगूबाई, मी कायदा सांगतोय. तो मी केलेला नाही.

गोजराबाई : पन भाऊ, येक हाय. त्या कागदात लिहिलं हाय ना. दत्तकाच्या कागदात. का घरात मी मरेपर्यंत राह्यन, कोनी काढनार नाई. थो कागद तं तुमीच लिहिला. काढा ना बाहेर.

दौलतराव : कागद आहे. नक्कल इथेच माझ्या दप्तरात आहे.

गोजराबाई : मंग काढा. थो पाह्यला का रामकिसनचं तोंड बंद होईन.

दौलतराव : गोजराबाई, त्यात ती ओळ नाही.

गोजराबाई : हाय. म्या सांगलती.

दौलतराव : सांगितली होती. मी लिहिलीही होती. कच्च्या मसुद्यात आहे अजून. पण बबनरावांनी वाचली आणि ते उठूनच उभे राहिले. म्हणाले, पहिल्याच दिवशी माझ्या पोरावर अविश्वास? आई मुलाच्या घरात राहते, हे काय लिहून ठेवायचं असतं? ही ओळ असेल तर पोरगा देत नाही. तेव्हा मी ती खोडली.

रंगूबाई : मावशीले इचारून?

दौलतराव : नाही.

गोजराबाई : म्या इचारलतं. आंगठा द्याच्या आंधी. वसरीत सारे बसले होते, बाया गूळ वाटून राह्यल्या होत्या. म्या पदर सावरून इचारलं, दौलतभाऊ, थे घराचं लिहिलं ना? तुमी मान हालवली.

दौलतराव : हो. हलवली.



रंगूबाई : शिकलेले मानसं तुमी, वकीलसायेब.

दौलतराव : मला वाटलं, पोरगा गुणाचा आहे. गरज पडणार नाही. असल्या किती ओळी मी कागदांत लिहिल्या आणि कधी कोणी उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. एक नसली तर काय बिघडतं, असं वाटलं. आणि मंडळी जेवायची थांबली होती. आता ते सांगतानाही कसंतरी वाटतं, पण ते होतं. जेवायची थांबली होती.

गोजराबाई : पुरनाचं केलतं म्या.

दौलतराव : मी जेवलो होतो तुमच्याकडे.

रंगूबाई : मंग आता तुमी कोर्टात उभे राहा अन् सांगा. का ओय होती, म्या खोडली, बाईले फसवलं.

दौलतराव : सांगेन. तुम्ही म्हणाल तेव्हा सांगेन. पण पक्क्या कागदाविरुद्ध तोंडाची साक्ष कोर्ट धरत नाही. खोडलेली ओळ म्हणजे नसलेली ओळ. त्यांचा वकील मलाच विचारेल, नऊ वर्षं गप्प का बसलात?

रंगूबाई : इचारू द्या! द्या ना उत्तर!

गोजराबाई : रंगू, बस. आवाज नको वाढवू. बाहेर लोकं बसले हायत.

रंगूबाई : मी कायले बसू? तुह्या जागी मी असती तं—

गोजराबाई : माह्या जागी तू नको राहू माय. भाऊ, दुसरं काई होते का?

दौलतराव : जगदेववर अन्नवस्त्राचा दावा लावता येईल. तुम्हाला पोसणं आणि राहायला जागा देणं त्याला भागच आहे. पण तो कोर्टात म्हणेल, मी कुठं नाही म्हणतो? जऊळक्याला जागा आहे, खाट आहे, आईनंच यावं. कोर्ट तुम्हाला म्हणेल, मग जा.

रंगूबाई : पोत्यायमंधी?

दौलतराव : कोर्टाला पोती दिसत नाहीत. खाट दिसते.

गोजराबाई : अन् याच घरात राह्याचं म्हटलं तं?

दौलतराव : नोटिशीला मी उत्तर लिहितो. की बाई विधवा आहे, तीस वर्षं याच घरात आहे, तिचा राहण्याचा हक्क आहे, हे ठाऊक असून रामकिसननं घर घेतलं. एवढ्यावर त्याला दावा लावावा लागेल. तारखा पडतील. एक वर्ष जाईल, कदाचित दोन.

गोजराबाई : अन् मंग?

दौलतराव : मग निकाल होईल. तुमच्यासारखा होईल असं मला वाटत नाही. खोटी आशा देत नाही. एकदा दिली तेवढी पुरे झाली. बेलिफ येईल आणि सामान बाहेर ठेवेल.

गोजराबाई : म्हंजे दोन वर्सात मेली तं घरातच मेली.

रंगूबाई : मावशी, काय बोलतं!

गोजराबाई : इचारून राह्यली. खरं हाय ना, भाऊ?

दौलतराव : खरं आहे.

गोजराबाई : मंग लिहा उत्तर.

रंगूबाई : अन् नाई मेली तं माह्या घरी येईन. भिंतीच्या इकडून तिकडं. सामान बी उचला लागत नाई.

गोजराबाई : तुह्या घरी तुही सून हाय, रंगू. तिचं दुसरं बाळंतपन तोंडावर आलं. तुमाले झोपाले जागा नाई अन् मले कुठं ठिवतं? तू बोल्ली, त्यातच सारं आलं.

दौलतराव : उत्तर मी आजच लिहून पाठवतो; त्याआधी हा माझ्या नेमणुकीचा कागद झाला लिहून. वकीलपत्रावर इथे खाली अंगठा लागेल. आधी वाचून दाखवतो.

गोजराबाई : थांबा. या टायमाले रंगू वाचन. तिले अक्षर येते.

दौलतराव : ...वाचा, रंगूबाई.

रंगूबाई : मले हयूहयू येते. कोर्टाचे शब्द अडतात.

गोजराबाई : अडलं का थांब. मले घाई नाई.

रंगूबाई : "मी... गोजराबाई... राहनार मौजे किन्हीराजा... तालुका वाशीम... या कामी दौलतराव वकील यांना..." हे काय हाय? "मु... मुखत्यार..."

दौलतराव : मुखत्यार. म्हणजे तुमच्या वतीनं बोलणारा.

रंगूबाई : "...नेमले असून... त्यांनी केलेले काम... मला... मान्य राहील."

गोजराबाई : येवढंच हाय?

रंगूबाई : येवढंच हाय, मावशी. म्या सारं वाचलं. खाली कोरं हाय.

गोजराबाई : आना शाई.

दौलतराव : गोजराबाई, तुम्ही दुसऱ्या वकिलाकडे गेलात तरी मी समजून घेईन. मी स्वतः चिठ्ठी देईन.

गोजराबाई : दुसरा काय वेगळं सांगन?

दौलतराव : नाही. तोही हेच सांगेल.

गोजराबाई : मंग तुमीच बरे. तुमाले ठाऊक तरी हाय, म्या इचारलतं म्हनून. घ्या, लागला आंगठा. अन् भाऊ, येक कायद्याचं नाई, असंच इचारून राह्यली. पावसाच्या आंधी घरावरचे कवेलू फेरा लागते, नाई तं घर गयते. औंदा मानूस लावू का नको?

दौलतराव : ते मी काय सांगणार?

रंगूबाई : कायले लावतं मावशी! थो रामकिसन तं पाडूनच टाकनार हाय घर.

गोजराबाई : पाडन तवा पाडन. पानी तं मिरगालेच येते.