एक ‘पीं’ म्हणजे होकार

पूजा लागलेल्या मशीनला पाना लावायचा नाही. का? तर लावायचा नाही. संपलं! आता तुम्हीच सांगा, हे काय उत्तर झालं? मी पाचवीत होते तेव्हा विचारलं, इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेऊन आले तेव्हा विचारलं, काकांचं उत्तर तेच, आवाजसुद्धा तोच... "वर्षे, पूजा लागलीय ना त्याला? मग पाना न्हाई लावायचा." वर्षे म्हणजे मी. वर्षाराणी. कॉलेजात हे नाव पुकारलं की सगळा वर्ग मागे वळून बघायचा, की कोण आलं बाई पालखीतून.

तर तुम्हाला सांगते, महाळुंग्यात आमच्या दौलतकाकांचं वर्कशॉप आहे. पत्र्याची शेड, आत पाच-सहा प्रेस मशीन, गाड्यांना लागणारे ब्रॅकेट ठोकायचे. काका त्याला ‘कंपनी’ म्हणतात. आजूबाजूला खऱ्या कंपन्या, एकेकीची भिंत संपता संपत नाही, आणि त्यांच्या मधोमध आमची ही कंपनी, जिचं कॅन्टीन म्हणजे काकूचा डबा. या कंपनीच्या ऑफिसात, खंडोबाच्या फोटोखाली, फळीवर एक कॉम्प्युटर आहे. काकांनी घेतलेला पहिला. माझ्यापेक्षा वयानं मोठा, म्हणजे आमच्या घरच्या हिशेबानं त्याचंही काही चुकत नाही. पूर्वी त्याच्यावर बिलं निघायची. मग नवे कॉम्प्युटर आले, ह्याचं काम गेलं, पण पहिला म्हणून टाकवेना. खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा होते तशी ह्याचीही व्हायची, आणि होता होता बाकीच्या मशिनी मशिनीच राहिल्या, हा मात्र देव झाला. हार, नारळ, उदबत्ती, आणि वरून आबांच्या हातची भंडाऱ्याची मूठ. आबा म्हणजे आमचे आजोबा, हिंदुराव. हळद अशी उधळतात की पुढचे दोन दिवस ऑफिसात आलेल्या माणसाला वाटावं, इथं कुणाचं तरी लग्न लागलंय.

पण खरी मजा पूजेनंतर. जुना कॉम्प्युटर सुरू होताना आधी स्वतःची तपासणी करतो. सगळं जागच्या जागी असलं की एकदा वाजतो. पीं. बस्स, एवढंच. आणि काकांनी ठरवून टाकलंय, तो कौल आहे! एक ‘पीं’ म्हणजे देवाचा होकार. वर्षातला जो काही मोठा निर्णय असेल तो काका हात जोडून सगळ्यांसमोर सांगणार, बटण दाबणार, पीं वाजणार, टाळ्या, पेढे. नवी प्रेस घ्यायची का? पीं. शेडचं दार पूर्वेला करायचं का? पीं. वर्षाराणीला शेडमध्ये नको, ऑफिसात चलनं करायला बसवायचं का? पीं! अहो, तो सगळ्यांनाच पीं म्हणतो! त्याला विचारा, दौलतकाकांना टाकीत बुडवायचं का, तरी पीं म्हणेल! पण हे बोलायची सोय नाही. पूजा लागलेल्या मशीनला पाना लावायचा नाही, आणि शंका तर त्याहून नाही.

मला काय पाहिजे होतं, तेही सांगते. लाल पेटी. पाने, पकडी, मीटर असलेली मेंटेनन्सची पेटी. घरात सगळ्यांना वाटतं पोरीला एखादा नेकलेस हवा असेल... मला ती पेटी हवी होती! प्रेस बंद पडली की काका भोसरीहून माणूस बोलावतात, तो परवा येतो, चहा पितो, एक वायर घट्ट करतो आणि जातो. म्हटलं काका, ती वायर मी घट्ट करते, चहासुद्धा माझा मी करून घेते. तर म्हणाले, शेडमध्ये ओढणी अडकते. म्हटलं, मी ओढणी घेतच नाही. "मग तर अजिबातच न्हाई." आता बोला!

आणि पेटी कुणाला द्यायचं चाललं होतं? प्रज्वलला. काकांचा मुलगा. पोरगा सोन्यासारखा आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण तो बल्ब बदलायच्या आधी फोन करून विचारतो, "ताई, बल्ब उजवीकडे फिरवू का डावीकडे?" त्याला आयुष्यात फक्त बैलगाडा शर्यतीचे बैल पाहिजेत. त्याला पेटी नको, मला पेटी हवी, सगळ्या शेडला हे माहीत, फक्त काकांना आणि देवाला माहीत नाही.

मग मी काय करायचं? ऑफिसात चलनं केली, आणि घरी येऊन साउंड कार्डं केली. हसू नका. ह्या जुन्या कॉम्प्युटरांना गाणं येत नाही हो, जन्मभर पीं एके पीं. त्यांच्या पोटात एक लांब खाच असते, तिच्यात साउंड कार्ड बसवलं की त्यांना कंठ फुटतो. ती कार्डं आता मिळत नाहीत, आणि मिळत नाहीत म्हटल्यावर मला ती करायचीच असतात. लग्नाच्या ऑर्केस्ट्रातून बाद झालेला एक कीबोर्ड कुदळवाडीच्या भंगारात मिळाला, त्याची आवाजाची चिप मी काढली. सर्किटचा बोर्ड घरीच कोरला, ॲसिडच्या पाण्यात, आईच्या लोणच्याच्या डब्यात. डब्याचा रंग बघून आबा म्हणाले, "लई मुरलंय, कशाचं घातलं?" आणि सोल्डरिंगच्या राळेचा धूर रोज घरभर, तर आबा आल्या-गेल्याला सांगायचे, पोरगी आता धूप घालायला लागली, देवाधर्माचं बघती!

पहिलं कार्ड केलं, त्यातून पंख्याची घरघर आली. दुसऱ्यातून कुकरची शिट्टी, तीही अर्धवट. तिसऱ्यात मी एक तार बदलली, दोन भाग उलटे केले, आणि आता वाजणार, तेवढ्यात ज्याच्यात कार्डं लावून बघत होते तो माझा भंगारातला जुना कॉम्प्युटरच फुस्स करून गेला! कार्ड हातात तयार, आणि ते बसवायला खाच नाही. नव्या कॉम्प्युटरला ती नसते. अख्ख्या महाळुंग्यात चालू खाच एकच... फळीवर, खंडोबाच्या फोटोखाली.

मी विचारलं हो! रीतसर विचारलं! काकांनी वर बघितलंसुद्धा नाही. पूजा लागलेल्या मशीनला...? बरोबर. पाठ झालं ना तुमचंही?

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. ऑफिसची किल्ली माझ्याकडेच, कारण देवानंच मला ऑफिसात बसवलंय. गेले, नमस्कार केला, देवाचे स्क्रू काढले आणि झाकण उचललं. तुम्हाला सांगते, मला ठसकाच लागला. आत पिवळाधमक भंडारा! थरावर थर! नारळाच्या पाण्यानं त्याच्या वड्या झालेल्या, झेंडूच्या पाकळ्या, उदबत्तीची राख, अक्षता, आणि एका कोपऱ्यात पालीची अंडी. पालीनंसुद्धा देवस्थान बघून संसार मांडलेला. एवढं पोटात घेऊन हा बिचारा दरवर्षी पीं म्हणत होता! होकार कसला, तो मदत मागत असणार.

जुन्या टूथब्रशनं सगळं साफ केलं, खाच पुसली, कार्ड बसवलं, एक छोटा स्पीकर फळीमागे लावला. आणि वाजलं. पंखा नाही, कुकर नाही, हलगी! मी कार्डात हलगीचा ठेका भरला होता, बैलगाडा शर्यतीच्या घाटावर वाजतो तो, बारी सुटायच्या, म्हणजे बैल पळायच्या आधीचा. मी एकटीच त्या रिकाम्या शेडमध्ये नाचले, सांगायला लाज नाही. आणि मग मला सुचलं. कार्ड राहू दे आतच. खंडेनवमीला काका बटण दाबतील, पीं होईल आणि त्याच्यामागून आपोआप हलगी सुरू होईल. काका विचारतील हे कुणी केलं, मी सांगेन मी केलं, आणि लाल पेटी माझी. किती सोपं! मोठ्या माणसांना गृहीत धरून बेत केला की तो कागदावर फार सुंदर दिसतो.

खंडेनवमी आली. शेड धुतलेली, मशिनींना हार, कामगार नवे शर्ट घालून, काकू ताट घेऊन. पप्पा नव्हते, त्यांची शेजारच्या खऱ्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट, आणि आमच्या घरातलं कुठलंही भांडण पप्पांची शिफ्ट बघूनच होतं. आबांनी भंडाऱ्याची मूठ घेतली, आणि यंदा देव स्वच्छ दिसतोय म्हणून खूश होऊन एकीच्या दोन केल्या. काकांनी वरून नारळाचं पाणी शिंपडलं. मी डोळे मिटून घेतले. मग काका हात जोडून म्हणाले, "देवा, यंदापासून मेंटेनन्सची पेटी प्रज्वलच्या हाती देतोय. कौल दे." प्रज्वलचा चेहरा असा, की बैल विकायला काढलाय आणि तो बैल हाच आहे.

काकांनी बटण दाबलं.

पीं. पीं. पीं.

तीनदा! आणि पुढं काही नाही. पडदा काळा, हलगी गायब. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं हो. काकूच्या हातातलं ताट कलंडता कलंडता राहिलं. मला तत्क्षणी कळलं. तीन पीं म्हणजे मेमरीची पट्टी नीट बसलेली नाही. आबांची दुसरी मूठ झाकणाच्या फटींतून थेट तिच्या खाचेत गेली असणार, वर काकांचं नारळपाणी. पण तिथं मेमरी कुणाला माहीत? काका फळीपासून मागे सरकत म्हणाले, "देव न्हाई म्हणतोय." आबा पुढे झाले, फळीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "दौलत, देवाला पोरगं नकोय. पोरीला दे."

आणि काकांनी दिली! खरंच! लाल पेटी उचलली आणि दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तशी, माझ्यापुढे धरली. कामगार टाळ्या वाजवायला लागले, सगळ्यात मोठ्यानं प्रज्वल. तीन वर्षं ज्या पेटीसाठी मी डोकं आपटत होते, ती अशी समोर. फक्त हात पुढे करायचा. गप्प बसायचं आणि हात पुढे करायचा. कुणाला काही कळलं नसतं.

आता मला सांगा, अशा वेळी माणसाला गप्प बसता येऊ नये, ह्याला काय म्हणायचं?

मी म्हटलं, "नको."

काका म्हणाले, "अगं देवानं दिलीय, घे."

"म्हणूनच नको. देव काही बोललेला नाही काका. मेमरीत भंडारा गेलाय. मी आत्ता काढणार, पुसणार, परत लावणार, मग हा एकदाच वाजेल. मग काय, पेटी परत काढून घेणार? मला काम येतं म्हणून द्यायची तर द्या. कौल लागला म्हणून दिलेली पेटी मी घेणार नाही."

आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. भर खंडेनवमीला, भर पूजेत, हार बाजूला सरकवून, नुकतंच कुंकू लावलेलं झाकण उघडलं! "पूजा लागलेल्या..." काकांनी सुरुवात केली, पण पिवळे लोंढे खाली आले तसं त्यांचं वाक्य तिथंच राहिलं. मेमरीची पट्टी काढली, प्रज्वलला म्हटलं खोडरबर आण, टेबलावरचं खोडरबर त्यानं आणलं, पट्टीची सोनेरी कड घासली, खाच ब्रशनं झाडली, कोरडी केली, पट्टी बसवली. झाकण उघडंच ठेवलं आणि बटण दाबलं.

पीं.

एकदाच. म्हणजे त्यांच्या हिशेबानं, पेटी प्रज्वलची. मी काकांकडे बघत राहिले. काका कॉम्प्युटरकडे. कुणीही टाळी वाजवली नाही. आणि मग हलगी सुरू झाली. पत्र्याच्या शेडमध्ये अशी घुमली की वाटलं आता बारी सुटणार. आबांचा पाय हलायला लागला, त्यांना कळलंसुद्धा नाही. काकांनी पेटी खाली ठेवली आणि पायानं, हळूच, माझ्या बाजूला सरकवली.

हलगी थांबली. मी वाट बघत होते की आता तरी कुणी काही बोलेल. ओरडेल. विचारेल की हे कुणी बनवलं. काही नाही! आमच्या घरातली मोठी माणसं गप्प, तीही सगळी एकदम! हा दिवस मी कॅलेंडरवर लाल करणार होते. आबा उघड्या कॉम्प्युटरपाशी आले, माझ्या कार्डाकडे वाकून बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं. मला वाटलं, आता पाठीवर हात फिरवतील.

आबांनी ताटात हात घातला, हा एवढा भंडारा उचलला, आणि माझ्या कार्डाची पूजा केली.

काय करता... प्रज्वल, खोडरबर आण.