सगळ्यात निरोगी कप्पा

नाही, तसं नाही झालं — बसा ना, खुर्ची आत्ताच पुसलीय, धूळ परत बसली असेल तर माझा इलाज नाही — मला वाटलं होतं, सहा वर्षं स्कॉटलंडात शिकून, गुरांची डॉक्टर होऊन मी घरी परत येईन, आणि सगळे माझी वाटच बघत बसलेले असतील. बाबांच्या आवारात सहा हजार गोऱ्हे मांसासाठी पोसले जातात, त्यांना छातीच्या रोगाने धरलेलं, आणि आले मी ज्ञानाचा दिवा घेऊन. आणि सापडलं काय? दिवा कोणाला नकोच होता. दहाच्या चहाला घोडेस्वार बसलेले, त्यांतला म्हातारा डेस ट्रॅन्टर मला विचारतो, "काय डॉक्टरीणबाई, स्कॉटलंडातली गुरं कशाला जास्त भितात — पावसाला का पुस्तकाला?" हसले सगळे. मीपण हसले. डूख मात्र धरला.

स्वारांचं काम तुम्हाला माहीत असेल — नाही? टूवूंबाहून, गुरांच्याच मुलखातून आलात आणि माहीत नाही? बरं. उजाडता उजाडता, गव्हाणीत भरडा पडायच्या आधी, कुंपणाच्या एकेका कप्प्यातून घोडा सावकाश चालवायचा आणि आजारी गोऱ्हा ओळखून बाहेर काढायचा. सोपं वाटतं, हो ना? पण माणूस जवळ आला की आजारी जनावर मान वर करतं, कान टवकारतं, अगदी ठणठणीत असल्यासारखं उभं राहतं — दुबळं दिसून शिकार व्हायचं नसतं ना त्याला. मग डेस काय करायचा, घोडा थांबवायचा, पाठ फिरवायची आणि सिगारेट वळत बसायचा. जनावराला वाटायचं, टळली ब्याद — की मान खाली, कान खाली. मग हा वळायचा, "चल बाळा, संपलं तुझं नाटक." एका कप्प्यात पाच मिनिटं नुसती पाठ फिरवून. मी घड्याळ लावून मोजली होती. वहीत लिहिलंही होतं — वेळेचा अपव्यय.

तर तो फळा. 'आजार निम्म्यावर आणणारी तरुण पशुवैद्य' म्हणून ज्याच्याशेजारी माझा फोटो काढायला आलात, तो. कल्पना बाबांची होती — असं सांगायचं ठरवलं होतं मी. जाऊ दे. माझी होती. कोणी आठवड्यात किती आजारी काढले, ते नावापुढे खडूने लिहायचं. ज्याचे सगळ्यात कमी, त्याचे कप्पे सगळ्यात निरोगी, त्याला शुक्रवारी बिअरचा खोका. आता बिअरच्या खोक्यासाठी चांगली नजर असलेला माणूस काय करील? आंधळा होईल. झालेच आंधळे. तीन महिन्यांत आकडे निम्मे. मी आलेख काढला, स्कॉटलंडातल्या माझ्या सरांना धाडला, सरांनी पाठ थोपटली, तुमच्या मासिकाला पत्र — हो, तेही मीच लिहिलं. डेस दर आठवड्याला तळाला. बाकीचे तिघं चिडवायचे, "काका, गुरं कुठली, तुमचा घोडाच खोकतोय." सगळ्यांत मोठ्याने मी हसायचे. आणि एक दिवस मीच त्याला घोड्यावरून उतरवून भरड्याच्या गिरणीवर पाठवलं. एकतीस वर्षं खोगिरावर काढलेला माणूस. जाताना एवढंच म्हणाला, "पोरी, फळ्याला खोकला ऐकू येत नाही." मी म्हटलं, उद्धट म्हातारा.

काल कत्तलखान्यात गेले होते. कशाला म्हणजे — तुमच्यासाठीच, छान गुलाबी फुप्फुसांचे फोटो द्यावेत म्हणून. चौदा नंबरचा कप्पा, चार वेळा खोका जिंकलेला. पहिलंच फुप्फुस बरगड्यांना चिकटलेलं, सुरीने सोडवावं लागलं. दुसरं बरं होतं. तिसरं यकृतासारखं घट्ट. साठांत सव्वीस खराब निघाली. कापणारा आपल्या हिशेबाने धीर देत म्हणाला, "तुमच्याकडची हल्ली अशीच असतात, ताई." हल्ली म्हणजे कधीपासून, ते विचारलं नाही मी. विचारायचं काय त्यात. चार महिने ती गुरं अर्ध्या छातीने उभी होती, औषधाची एक सुई नाही — आजारी दिसलीच नाहीत ना कोणाला. वजन धरत नव्हती, दिवसाला पाव किलो मागे, आणि मी बाबांशी भांडत होते की दोष भरड्यात आहे. म्हणजे बघा, भरडाही डेसच दळत होता. सोय होती चांगली.

लिहिताय? लिहा. डेसने पलीकडच्या गावात काम धरलंय, येत्या शुक्रवारपासून. आणि उद्या चार बाजारांतली अडीचशे गुरं येताहेत — दोन दिवस ट्रकमध्ये उभी, थकलेली, एकमेकांच्या तोंडावर खोकत. पहिल्या महिन्यातच लागतो हा रोग. ती कोण बघणार? ते तिघं? मी? मी तर छाती फाडल्यावर ओळखते.

आज सकाळी गिरणीवर गेले. तिघंही तिथंच होते, त्यांच्यादेखत म्हटलं, डेसकाका, चूक माझी, कप्पे तुम्ही सांभाळा, मला हाताखाली घ्या. तो बाहीवरची धूळ झटकत राहिला. मग म्हणाला, "तुझी पाठ फार ताठ आहे, पोरी. जनावराला संशय येईल." हे हो की नाही, मला अजून कळलेलं नाही. पण मी घोडा मागवलाय, आणि उद्या तो येवो न येवो, उजाडायच्या आत कप्प्यात असणार आहे. तेव्हा फोटोबिटो राहू द्या. उठा आता, मला खोगीर कसायचंय.