सूर लागला का, ते मला सांगा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षक बंधुभगिनींनो आणि पालकहो,

तुमच्या गाण्याच्या बाई मुलांबरोबर फोटो काढायला बाहेर मैदानावर गेल्या आहेत. त्या येईपर्यंत त्यांच्या यजमानांनी दोन शब्द बोलावेत, असा अध्यक्षांचा आग्रह पडला. आग्रह मोडवत नाही. पण मंडळी, या समारंभाला माझ्याइतका कुचकामी वक्ता दुसरा नसेल. मला सूर कळत नाही. हा विनय नव्हे. कान शाबूत आहेत, मागच्या रांगेतली कुजबुजसुद्धा ऐकू येतेय. पण सूर वर गेला की खाली आला, हे मला जन्मापासून उमगलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही. शब्द असले तर गाणं ओळखतो. नुसतं गुणगुणलं तर सगळी गाणी सारखीच. वाद्यं वाजू लागली की वाटतं, शेजारी कुणीतरी भांड्यांचं कपाट आवरायला काढलंय. लेक लहान असताना तिला थोपटत गायला लागलो, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "बाबा, तुम्ही नुसतं बोला ना."

लग्नाआधी मी हिला सगळं सांगितलं होतं. ही हसून म्हणाली, "बरं झालं. घरी तरी कुणी चुका काढणार नाही." तेव्हा दोघांनाही तो फायदाच वाटला.

मघापासून जो तो विचारतोय, बाई इतक्या लवकर निवृत्त का होताहेत? तिच्यासमोर बोललो नसतो, पण सांगतो. गेल्या वर्षापासून हिला शंका येते, की आपला सूर ढळतोय. तिचं तिलाच खात्रीनं कळेना. तुम्हाला विचारावं, तर तुम्ही आदरापोटी 'छान' म्हणणार. म्हणून सकाळी रियाज संपला की ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला विचारते, "खरं सांग, लागला का?"

कुणाला, तर मला. माझं रंगाचं दुकान आहे. पांढऱ्याच्या दोन छटा मी लांबून वेगळ्या सांगतो. आणि बायकोसमोर हातात कप धरून मख्खासारखा उभा राहतो. शेवटी सूर मोजायचं यंत्र आणलं. तिनं ते न उघडता परत दिलं. "काटा नको. तू सांग."

मग मी काय करावं? तिच्या कार्यक्रमात कडेला बसून ऐकणाऱ्यांची तोंडं बघू लागलो. कुणाच्या कपाळाला आठी पडते, कोण नजर चुकवतं. स्नेहसंमेलनात साथीदारांनी एकमेकांकडे पाहिलेलं मला दिसलं. घरी तिनं विचारलं, मी दिसलं ते सांगितलं.  मग तिनं राजीनामा लिहिला.

शाळेनं तिला जपलं, हा सोहळा केला, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला.

फक्त एक मागणं आहे. मघाशी ती शेवटचं गायली, तेव्हाही मी तुमच्याकडेच बघत होतो. तुम्ही सगळे रडत होता. रडणाऱ्या माणसाच्या तोंडावरून सूर लागला की गेला, हे कसं ओळखायचं? घरी पोचलो की ती विचारणार. त्याआधी मला कुणीतरी खरं सांगा.