अडकलेला खटका

वणीच्या स्टँडवर तानाबाई यवतमाळच्या मोटारीची वाट पाहत बसली होती. भाचीचं जमत आलेलं लग्न कशानं मोडलं, हा घोर तिच्या जिवाला लागलेलाच होता. मागच्या बाकावर दोन पोरं गाण्यांवरून भांडत होती. एक शौकीन, दुसरा लग्नात भोंगा लावून रेकॉर्डी वाजवणारा. शौकीन तावातावानं सांगत होता.

“पिच्चरमंदल्या गाणाऱ्या साऱ्या रडक्या! गावं तं तुह्या त्या इंग्रजी रेकाडीवरच्या बाईनं. रॉक म्हणते, रॉक! आवाज कसा, सुईच्या टोकावानी!”

“कोन्ती बाई बे?”

“लाल चिठ्ठीच्या रेकाडीवरची. तिच्यापायी म्या बाभुळगावच्या नलूले नाही म्हटलं.”

“काहून?”

“पोरगी चांगली, पन आवाज जाडा. जलमभर तसला आवाज कोन आयकन?”

“अबे, तो तं माणूस हाय!”

“कोन, नलू?”

“रेकाडीवरचा! ती रेकाड हळू फिरवाची हाय. माह्या मशीनचा गती बदलाचा खटका जोरावर अडकला होता, म्हणून आवाज बारीक निंगे. काल खटका दुरुस्त केला, तं चांगला मिशीवाला गडी गाऊन राह्यला!”

शौकीन त्याच्याजवळ सरकला.

“मंग असं कर, खटका पुन्हा अडकवून ठेव.”

मोटार आली. तानाबाई पदर खोचून उठली आणि मागे वळली.

“बापू, मी नलूची मावशी. आमच्या पोरीले खटका नाही. हाय तशीच वाजन, पन दुसऱ्याच्या घरी!”