वैशालीच्या फाटक्या साड्या

आपल्या वैशालीला सिनेमाच्या कपड्यांबद्दल काही सांगायला जाऊ नका. मूळची पवनीची, पण वीस वर्षं मुंबईत हेच काम करते, आणि तिचं एकच म्हणणं असतं: कपडा खरा असेल तर नटीने तोंड उघडायचीही गरज नाही.

एकदा तिच्या सिनेमाचं शूटिंग आमच्या सानगडीत होतं. नायिका धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करणारी मजूर. वैशालीने तिच्यासाठी कोरी साडी आणून चहाच्या पाण्यात उकळली, दगडावर घासली आणि खांद्यावर ब्लेडने अशी फाडली की दिग्दर्शकाने हात जोडले.

बघायला माझी काकू आली होती, थेट रोवण्यावरून, पाय चिखलाने भरलेले. तिने नायिकेकडे नीट पाहिलं आणि वैशालीला विचारलं, "पोरी, हे बाई गरीब हाये का आळशी?"

"गरीब आहे, काकू."

"मंग टाका काहून नाही घातला हिनं?"

"गरिबी दिसायला पाहिजे ना."

काकूने आपला पदर पुढे केला. त्यावर मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक टाके होते. "एकच साडी असली का तिले जपा लागते. फाटकी घालून फिराले दुसरी असा लागते."

वैशालीने शूटिंग थांबवलं आणि सुईदोरा काकूच्या हातात दिला.

तेव्हापासून वैशालीच्या सगळ्या फाटक्या साड्या कुरियरने सानगडीला येतात. काकू टाके घालते, पण दरवेळी मला बाजूला घेऊन विचारते, "नव्या साड्या फाडून राहिली पोरगी. पवनीले हिच्या मायले माहीत हाये का?"