निळा शर्ट दिसला की हाणायचा

बसा, सगळे बसा. मागच्यांनी पुढं सरका. बायकांना भिंतीकडं जागा द्या.

मी काय बोलणारा माणूस न्हाई. कुरुळीचा हमाल. युसूफभाई आमच्या टोळीचा मुकादम. चिंचवडच्या गोदामात त्याच्या हाताखाली मी पेट्या उचलल्या. त्याच्याच शोकसभेत उभं राहून बोलायचं जड जातंय. तरी बोलणार. कारण सभा उठल्यावर तुमी कुठं निघालाय ते मला ठावं हाय. तळवड्याला, आपल्या जागी आलेल्या नव्या टोळीच्या खोल्यांवर. युसूफभाईचा बदला घ्यायला.

आधी ऐका.

भांडण कशापायी झालं? मोठ्या विमान कंपनीपायी. तिचं विमान मुंबईवरनं परदेशी जातं. आपल्या कारखान्यांचे सुटे भाग पुण्यातनं मुंबईला न्यायला तिनं एक छोटी विमान कंपनी जोडीला घेतलेली. आपला पगार छोटीचा, अंगात निळा शर्ट मोठीचा. कितीक वर्षं घाम गाळला त्यात! मग मोठीच्या वरच्यांनी त्या छोट्या कंपनीसंगं सोयरीक मोडली अन् दुसऱ्या कंपनीसंगं जुळवली. विमान दुसरं, टोळी बी दुसरी. आपल्या अंगावरचे शर्ट गोदामाच्या फाटकावर उतरवून घेतले, न धुताच नव्या गड्यांना घातले. आपण बनियनवर घरी गेलो. आठवतंय ना? माझ्या तर अजून अंगाची आग व्हते, राव.

युसूफभाईनं तेवढा दिला न्हाई. म्हणला, "घाम माझा हाय. शर्ट बी माझा."

सोमवारी सकाळी आपण फाटकावर जमलो. काय ठरलं? निळा शर्ट दिसला की हाणायचा. कुणीतरी विचारलं, "आत कोण हाय ते बघायचं का?"

"बघायचं काय त्यात? निळा म्हंजे त्यांचा!"

आपले सगळे शर्ट गेलेले. एक सोडून. ते कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई.

दगड सुटले. मिरचीपूड उडाली. गज चालले. एकाचा हात कोपरातनं उलटा झाला, गुरासारखा हंबरत व्हता. युसूफभाई त्याआधीच आत गेलेला. निळ्या शर्टाबिगर पहारेकरी सोडत न्हाई, म्हणून तो घालून गेला. नव्या गड्यांना मागच्या दारानं काढायला. मागलं दार कुलूपबंद. मग तोच पुढं झाला, बाकीच्यांना पाठीशी घालून, दोन्ही हात वर करून. "अरं थांबा! पोटासाठी आलेत, आपल्यागत!"

धुरळ्यात तोंड दिसलं न्हाई. शर्ट दिसला.

गज कानामागं बसला. नारळ फुटावा तसा आवाज. पडल्यावर बी हाणणारा थांबला न्हाई. मी तिथंच व्हतो. मी बघितलं. तो गज आपला व्हता.

का? खाली काय बघता? मगाशी ओरडत व्हता ना, खून का बदला खून? कुणाच्या घरी जाता मग बदला घ्यायला? तळवड्याच्या खोलीतला एक जालन्याचा गडी युसूफभाईचं डोकं मांडीवर घेऊन बसला. आपला पटका सोडून त्यानं जखम दाबून धरली. आपण? आपण पळत व्हतो.

हाणणारा इथंच बसलाय. नाव घेणार न्हाई, युसूफभाईच्या घरवालीनं मला शपथ घातलीय. काल भाभी म्हणाल्या, "भाऊ, त्याला सांगा, आपल्या पायानं चौकीत जा. अन् बाकीच्यांना सांगा, माझ्या माणसाच्या नावानं एकाचं जरी डोकं फोडलं, तर माझ्या दारात परत उभं राहू नका."

ऐकलं? आता श्रद्धांजलीला उभे राहू. पण थांबा. घोंगडीखाली, सदऱ्यात जे लपवून आणलंय, ते आधी खाली ठेवा. लोखंड फरशीवर टेकल्याचं मला ऐकू येऊ द्या.

हां. ठेवा. तू बी. ठेव, भावा.

अजून एक गज राहिलाय. कुणाचा ते मला ठावं हाय, त्याला बी ठावं हाय. तो खाली येईस्तोवर आपण असेच उभे राहू, युसूफभाईसाठी. कुणी बोलू नका.